ओझ्याचे स्वभाव

घरातील साठवणीकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट सहज ध्यानी येते. मिसळणाचा डबा शेगडीच्या शेजारी, अगदी हाताशी असतो. गव्हाची कोठी माजघराच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली उभी असते. आणि उन्हाळ्यात घातलेल्या लोणच्याची बरणी, तोंडाला दादरा बांधून, फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात जाऊन बसते. ही मांडणी कोणत्याही गृहिणीने पुस्तकातून शिकलेली नसते. मोहरी तडतडली की पुढल्याच क्षणी हिंग हवा, हळद हवी. चिमूटभरच हवी, पण त्याच क्षणी हवी. गहू दळणासाठी महिन्यातून एकदा काढावयाचे. तेव्हा ते पायलीच्या मापाने भराभर निघाले पाहिजेत, मग कोठीचे झाकण उघडण्यास दोन मिनिटे लागली तरी कोणाचे काही बिघडत नाही. लोणचे तर वर्षातून एकदा भरावयाचे आणि पुढे वर्षभर केवळ राखावयाचे. तिन्ही जिन्नस साठविलेलेच. पण साठवणीकडून प्रत्येकाची अपेक्षा वेगळी. गव्हाच्या कोठीत हिंगाची पूड ठेवणारी गृहिणी आमच्या पाहण्यात नाही.

ज्या परीक्षेसाठी आम्ही तिघांनी २०२४ सालचा सबंध पावसाळा खर्ची घातला, तिच्या एका मोठ्या प्रकरणाचे सार इतकेच होते. फरक एवढाच, की तेथे कोठी आणि डबा यांच्या जागी संगणकाच्या तबकड्या होत्या, आणि गृहिणीची जाण आकड्यांत मांडून दाखवावी लागत होती.

आम्ही तिघे या शाळेचे माजी विद्यार्थी. एकाच वर्गात, एकाच बाकाच्या मागे-पुढे बसून दहावी झालो, आणि पुढे तिघांच्या वाटा तीन दिशांना गेल्या. एक जण येथील एका सहकारी पतसंस्थेत संगणक सांभाळतो. एक मैत्रीण एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात प्रतिमांची नोंद ठेवते. तिसरा लग्नाचे आणि गरब्याचे चित्रीकरण करणाऱ्या दुकानात संकलन करतो. नवरात्राच्या नऊ रात्री तो आम्हांस फोनवरही भेटत नाही. तिघांचेही काम शेवटी एकाच गोष्टीशी येऊन ठेपत होते: माहिती कोठे आणि कशी ठेवावी. तेव्हा साठवण-तंत्राची प्रमाणपत्र परीक्षा एकत्र बसून द्यावी असे ठरले. परीक्षेचे शुल्क आमच्या पगाराच्या मानाने हलके नव्हते. पतसंस्थेतील मित्राची नोकरी करारावरची होती, आणि कायम होण्यासाठी हाती प्रमाणपत्र असावे असे त्यास स्पष्ट सांगण्यात आले होते. दांडिया बाजारातील मैत्रिणीच्या घरच्या माडीवर रोज संध्याकाळी आम्ही जमू लागलो. पुस्तक इंग्रजीत, चर्चा मराठीत, आणि मध्येच कोणी शेवउसळ आणावयास गेला तर तेवढे गुजरातीत, असा आमचा अभ्यास चाले.

प्रकरणाचे नाव होते ‘वर्कलोडचे प्रकार’. आम्ही त्यास ‘ओझ्याचे स्वभाव’ असे नाव दिले, आणि पुढे तेच आमच्यात रूढ झाले. साठवणीवर पडणारे ओझे ओळखावयाचे तर त्यास काही प्रश्न विचारावे लागतात. मागणी लहान तुकड्यांची आहे की मोठ्या? वाचन अधिक आहे की लेखन? तुकडे ओळीने एकामागून एक मागितले जातात, की आज येथला तर उद्या तेथला असे विखुरलेले? एकाच वेळी किती जण हात पुढे करून उभे आहेत? आणि उत्तरास उशीर झाला तर त्यांतील कोणाचे काय अडते? हा शेवटचा प्रश्न पुस्तकात दोन ओळींत उरकलेला होता. आम्हांस मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटला, कारण बाकीचे सर्व प्रश्न यंत्राविषयी आहेत आणि हा एकटाच माणसाविषयी आहे.

सलग आणि विखुरलेले यांतील भेद कळण्यासाठी तबकडीच्या पोटात शिरावे लागते. साध्या चुंबकीय तबकडीत एक चकती मिनिटाला ७२०० फेरे घेत असते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात; आणि त्याआधी ते शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारे ८. मिळून १२ मिलिसेकंद झाले. ऐकावयास हा काळ नगण्य वाटतो. पण याचाच अर्थ असा, की विखुरलेल्या मागण्या असतील तर ही तबकडी सेकंदाला फार तर ८०-८५ मागण्या पुरवू शकते. या आवर्तनांच्या संख्येस परीक्षेच्या भाषेत ‘आयॉप्स’ म्हणतात. प्रत्येक मागणी ८ किलोबाइटची धरली, तर ८० मागण्यांत सेकंदाला उणेपुरे ६४० किलोबाइट हाती येतात. आता तीच तबकडी, तीच चकती, पण मागणी सलग असेल तर शीर्ष एकदा जागेवर बसते आणि माहिती धारेसारखी वाहू लागते; सेकंदाला १५० मेगाबाइट सहज मिळतात. एकाच यंत्राकडून मिळणाऱ्या या दोन उत्तरांत दोनशे पटींहून अधिक अंतर आहे! विकत घेताना वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग हा नेहमी दुसरा असतो, हे वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आमच्या मैत्रिणीला इतिहासाची आवड. तिने एके दिवशी जुन्या यंत्रांची माहिती काढून आणली. अशी चुंबकीय तबकड्यांची पहिली साठवण आयबीएम या संस्थेने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या असत. यंत्र कपाटाहून मोठे, वजन टनाच्या घरातले, आणि मावत काय, तर सुमारे ५० लाख अक्षरे. एका नोंदीपर्यंत पोहोचण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. आज मुठीत धरता येणाऱ्या तबकडीत २० टेराबाइट मावतात. म्हणजे जागा चाळीस लाख पटींनी वाढली. आणि पोहोचण्याचा वेळ? अर्ध्या-पाऊण सेकंदावरून १२ मिलिसेकंदांवर आला. म्हणजे जेमतेम पन्नास पट सुधारला. कोठार डोंगराएवढे झाले, पण त्याचा दरवाजा जवळजवळ होता तेवढाच राहिला. हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. साठवणीच्या शास्त्रातील निम्म्या युक्त्या या एका विसंगतीतून जन्मलेल्या आहेत.

यानंतर आमच्यात खरी भांडणे सुरू झाली. कारण तिघांपैकी प्रत्येकास आपलेच ओझे ते खरे ओझे वाटत होते.

चित्रीकरणवाल्या मित्राचे म्हणणे असे, की मोठमोठ्या फायली हीच खरी कसोटी. त्याच्या कॅमेऱ्यातून सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ मेगाबाइट माहिती वाहत असते. तासाभराच्या चित्रणाचे ४५ गिगाबाइट होतात. गरब्याच्या एका रात्री तीन कॅमेरे चार तास चालले तर ५४० गिगाबाइट! त्यास आवर्तनांची फिकीर नाही; धार अखंड राहिली म्हणजे झाले. संकलन करताना ती क्षणभर तुटली तरी टिपऱ्यांचा ठेका चुकतो. पण त्यानेच पुढे एक मौजेची गोष्ट सांगितली. एक जण संकलन करीत असतो तोवर तबकडी सुरळीत चालते. दुकानातील तिघे जण एकाच तबकडीवरून तीन वेगवेगळी लग्ने जुळवू लागले की ती धापा टाकू लागते. वास्तविक प्रत्येकाची मागणी सलगच असते. परंतु शीर्ष एकच. ते पहिल्या लग्नाचा तुकडा वाचून दुसऱ्याकडे धावते, तेथून तिसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे. तीन सलग प्रवाह एकत्र मिसळले की तबकडीला ते विखुरलेलेच दिसतात. एकेका गवयाचे गाणे सुरेल असावे, आणि तिघे एकदम तीन राग गाऊ लागताच नुसता गलबला व्हावा, त्यातलाच हा प्रकार.

रुग्णालयातील मैत्रिणीचे ओझे अगदी निराळे. सीटी यंत्रातील एका छेदाची प्रतिमा ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची, दर ठिपक्यास दोन बाइट. म्हणजे अर्धा मेगाबाइट. पण एका रोग्याच्या तपासणीत असे शेकडो छेद निघतात. पाचशे निघाले तर अडीचशे मेगाबाइट झाले. ते एकदा लिहिले जातात, पुढे कधीही बदलावयाचे नसतात. पहिल्या दोन-चार दिवसांत डॉक्टर ते पुन्हा पुन्हा उघडतात. मग आठवडे, महिने, वर्षे कोणी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. आणि एखाद्या सकाळी तोच रोगी पुन्हा दारात येतो, डॉक्टर तीन वर्षांपूर्वीची गाठ आणि आजची गाठ शेजारी ठेवून पाहू इच्छितात, आणि तेव्हा ती जुनी प्रतिमा मिळालीच पाहिजे. “तुमचं लग्न पुन्हा जुळवता येईल रे,” ती चित्रीकरणवाल्यास म्हणाली, “ही प्रतिमा हरवली तर मागच्या गाठीचा आकार कोणालाच सांगता येणार नाही.” म्हणून नव्या प्रतिमा चपळ साठवणीवर, आणि जुन्या होत जातील तसतशा स्वस्त, मंद, पण भरवशाच्या साठवणीवर उतरवीत न्यावयाच्या, अशी तेथली रीत. हेच लोणच्याच्या बरणीचे वर्ष. चुंबकीय फीत कालबाह्य झाली असे सामान्यतः समजले जाते, पण असल्या कामी ती आजही जगभर वापरात आहे. फितीवर मधलाच तुकडा शोधणे म्हणजे कर्मकठीण; परंतु ओळीने लिहून जपून ठेवण्यास तिच्याइतके स्वस्त साधन थोडेच.

मैत्रिणीचे आजोबा आमचा हा वाद खालच्या ओसरीवरून ऐकत असत. त्यांचे उभे आयुष्य ग्रंथालयात गेलेले. एके संध्याकाळी ते काठी टेकीत माडीवर आले आणि म्हणाले, “अरे पोरांनो, हे तुम्ही आज शिकताय. आमच्या बडोद्यात हे शंभर वर्षांपूर्वी चालत होतं.” आम्ही त्यांस बसावयास खुर्ची दिली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास पाचारण करून राज्यातील ग्रंथालयांची व्यवस्था लावून घेतली, हे आम्हांस शाळेत शिकविलेले होते. पण त्यातील मर्म आजोबांनी उलगडले. शहरातील मध्यवर्ती ग्रंथालयात वाचक येतो, त्यास एकच पुस्तक हवे असते आणि ते ताबडतोब हवे असते. उद्या येणाऱ्यास निराळेच हवे असते. म्हणून तेथे वर्गवारी हवी, सूची हवी, वरून खालपर्यंत उजेड उतरावा म्हणून काचेची जमीन घातलेले फडताळांचे मजले हवेत. खेड्यातल्या वाचकासाठी ही व्यवस्था कुचकामाची. त्याच्यासाठी फिरती ग्रंथालये निघाली. लाकडी पेटीत पुस्तके भरावयाची आणि पेटीच गावी पाठवावयाची. आजोबांच्या वडिलांनी अशा पेट्या स्वतः भरलेल्या होत्या. पेटी पोहोचण्यास दिवस लागोत, पण पोहोचली म्हणजे एकदम गावभर वाचन पोहोचले.

“एकाला वेळ महत्त्वाचा, दुसऱ्याला प्रमाण,” आजोबा म्हणाले. “पेटीनं एकच पुस्तक पाठवाल तर वेडे ठराल, आणि गावच्या सगळ्या वाचकांना मांडवीपर्यंत चालत बोलवाल तरीही वेडेच ठराल.”

विलंब आणि प्रवाह या दोन कल्पना पुस्तकाने सोळा पाने खर्चून समजाविल्या होत्या. आजोबांनी त्या दोन वाक्यांत संपविल्या आणि चहा मागितला.

राहिले पतसंस्थेतील मित्राचे ओझे. ते दिसावयास सर्वांत क्षुल्लक. एका खातेदाराची नोंद ती केवढी! काही शेकडा अक्षरे. पण ही मिसळणाच्या डब्याची जात. खिडकीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येक खातेदाराचे पान खातेवहीत वेगळ्या जागी. वाचावयाचे, बदलावयाचे, लगेच परत लिहावयाचे. आणि ते लिहिले गेले अशी खात्री होईपर्यंत पुढे सरकावयाचे नाही. व्यवहाराची ओझी म्हणतात ती हीच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनवाले वृद्ध सकाळी दहापासून रांग धरीत, आणि अकरा वाजता संगणक गोगलगाईच्या चालीने चालू लागे. एकेका नोंदीस चार-पाच सेकंद. वृद्ध मंडळी भिंतीला टेकून उभी राहत. काही खाली बसत. कारकून मंडळी आमच्या मित्राकडे पाहत.

संस्थेच्या व्यवस्थापकांनी पुरवठादारास बोलाविले. त्याने यंत्र पाहिले आणि सल्ला दिला, की आतील चार जुन्या तबकड्या काढून त्यांच्या जागी दुप्पट मोठ्या दोन नव्या तबकड्या घालाव्या; जागा वाढेल, यंत्र नवे होईल. दरपत्रक आले, आणि ते संचालकांच्या सभेपुढे जावयाचे ठरले. सभेस दहा दिवस अवकाश होता.

मित्र त्या संध्याकाळी माडीवर आला तो अस्वस्थ. “जागा कमी पडतच नाहीये,” तो म्हणाला. “निम्म्याहून जास्त रिकामी आहे. पण मी सांगितलं तर विचारतात, तुझी परीक्षा झाली का?” परीक्षेस अजून तीन आठवडे होते. तेव्हा आम्ही ठरविले, की प्रमाणपत्र नसले तरी मोजमाप करण्यास कोणाची ना नसावी. त्याने व्यवस्थापकांची रीतसर परवानगी घेऊन दोन दिवस अकरा ते एक या वेळात यंत्राची नाडी पाहिली. सेकंदाला १४०च्या आसपास आवर्तने होत होती; शेकडा ६० वाचने, ४० लेखने; आणि सरासरी २० मागण्या रांगेत ताटकळत होत्या.

आता गणित. चार तबकड्या, प्रत्येकीची ८० आवर्तने, मिळून ३२०. मग मिळतात १४० कशी? येथे ‘रेड’ नावाची योजना आड येते. बर्कलीच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एका निबंधात तिची मांडणी केली. अनेक स्वस्त तबकड्या एकत्र बांधून त्यांतील एखादी निकामी झाली तरी माहिती वाचावी अशी ती युक्ती. तिच्या पाचव्या प्रकारात माहितीबरोबर एक ताळ्याचा आकडाही लिहून ठेवतात. त्यामुळे जागा वाचते, पण लहानशा नोंदीचे लेखन महाग पडते: जुनी नोंद वाचा, जुना ताळा वाचा, नवी नोंद लिहा, नवा ताळा लिहा. एका लेखनासाठी चार आवर्तने. यास आम्ही ‘लेखनदंड’ म्हणत असू. तेव्हा ६० वाचनांचा खर्च ६०, आणि ४० लेखनांचा १६०. शंभर मागण्यांस २२० आवर्तने पडतात. ३२० ला २.२ ने भागिले की १४५ उरतात. मित्राने मोजले होते १४०! कागदावरचे उत्तर आणि यंत्राचे उत्तर इतके जवळ येऊन बसलेले पाहून आम्हांस जो आनंद झाला तो येथे लिहिण्यासारखा नाही. खालून आजोबांनी ओरडून विचारले की काय पडले म्हणून.

पुढचे उत्तर त्याहून धक्कादायक होते. पुरवठादाराच्या दोन नव्या तबकड्या एकमेकींचे प्रतिबिंब म्हणून राहणार. तेथे लेखनदंड दोनच. पण तबकड्याही दोनच, आवर्तने १६०. शंभर मागण्यांस ६० अधिक ८०, म्हणजे १४०. तेव्हा १६० ला १.४ ने भागून आली ११४. म्हणजे सभासदांचा पैसा खर्चून, नवे यंत्र बसवून, जागा वाढवून, रांग पूर्वीपेक्षा अधिक लांबणार होती.

रांगेचेही शास्त्र आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम सांगतो, की रांगेतील सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदास होणारी कामे गुणिले प्रत्येकाचा तेथील मुक्काम. मग २० ला १४० ने भागा: सुमारे ०.१४ सेकंद, म्हणजे प्रत्येक मागणी १४० मिलिसेकंद खोळंबत होती. एका पासबुकाच्या नोंदीत एकापाठोपाठ एक अशा तीसेक मागण्या असतात असे मित्राच्या पाहण्यात आले होते. तीस वेळा ०.१४ म्हणजे चार सेकंद आणि वर काही. खिडकीपाशी वृद्धांना जो काळ काढावा लागत होता, तो हाच. शिवाय रांगेचा स्वभाव असा की ती हळूहळू वाढत नाही. साध्या रांगेच्या हिशेबात यंत्र निम्मे व्यग्र असेल तर लागणारा वेळ दुप्पट होतो. शेकडा ९० व्यग्र झाले की दसपट. म्हणून दहा वाजता सर्व ठीक, आणि अकरा वाजता अचानक कोलमडणे, याचे कोडे सुटले.

हे सारे मित्राने एका पृष्ठावर मांडले. आकडे तिघांनी तपासले, भाषा मैत्रिणीने. आयॉप्स, लेखनदंड हे शब्द तिने निर्दयपणे खोडून टाकले. सभेत त्यास पाच मिनिटे मिळाली. तो म्हणाला, “अध्यक्षसाहेब, आपल्या खिडक्यांवर आज चार कारकून बसतात. त्यांच्या जागी दोनच कारकून बसवून त्यांना दुप्पट मोठी मेजं दिली, तर रांग लवकर हटेल का?”

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा वर केला. “मेजावर जागा आहे का आत्ता?”

“निम्मं मेज रिकामंच आहे साहेब.”

“मग मेज कशाला हवं?” ते व्यवस्थापकांकडे वळून म्हणाले. पुरवठादारही सभेस हजर होता, आणि त्याच्याविषयी अन्याय न करता हे सांगितले पाहिजे, की त्याने कागद शांतपणे वाचला व हिशेब मान्य केला. यंत्र जुने झाले आहे एवढेच त्यास कळविले गेले होते. ओझे कसले आहे, हे त्यास कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते. ठरले ते असे: खातेवहीसाठी लहान जागेच्या दोन ‘सॉलिड स्टेट’ तबकड्या, एकमेकींचे प्रतिबिंब, आणि जुन्या चारही तबकड्या रात्रीच्या बॅकअपसाठी व जुन्या वर्षांच्या नोंदींसाठी तशाच ठेवावयाच्या. सलग लेखनास त्या अजून उत्तम होत्या. खर्च पहिल्या दरपत्रकापेक्षा कमीच आला.

सॉलिड स्टेट तबकडीत फिरणारे असे काहीच नाही. तेथे शीर्षास धावावे लागत नाही. म्हणून विखुरलेली मागणी सुमारे एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात पुरी होते, आणि आवर्तने हजारोंच्या, लाखोंच्या घरात जातात. परंतु तिचाही एक स्वभाव आहे. तिच्यात लिहिलेले जागच्या जागी खोडता येत नाही. खोडावयाचे तर एक मोठा भाग एकदम पुसावा लागतो. पाटीवरील एक अक्षर बदलण्यासाठी सबंध पाटी धुऊन बाकीचा मजकूर पुन्हा उतरून काढावा, असे ते काम. ती हे सारे आतल्या आत चतुराईने निभावते, तथापि अशा धुण्याची संख्या मोजकी असते. म्हणून सतत लेखनाच्या ओझ्यासाठी अधिक टिकाऊ प्रकारच्या तबकड्या वेगळ्या मिळतात, आणि पतसंस्थेसाठी तशाच मागविल्या.

परीक्षेचा पेपर आमच्या अपेक्षेहून सोपा निघाला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण ओझ्यांचे प्रकरण आम्हांस पाठ करावे लागले नाही खरे. एका प्रश्नात कार्यालयातील सर्व कर्मचाऱ्यांचे संगणक एकाच मध्यवर्ती यंत्रात राहतात, आणि सकाळी नऊच्या ठोक्यास सर्व जण ते एकदम सुरू करतात, असा प्रसंग होता. तेव्हा वाचनाचे वादळ उठते, आणि दिवसभराच्या कामात मात्र लेखनाचे प्रमाण वाचनाहून अधिक होते. शाळेची घंटा झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत फाटकापाशी काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्या आपल्या विद्यार्थिमित्रांना याचे उत्तर शिकवावे लागणार नाही. तिघेही उत्तीर्ण झालो. सर्वांत अधिक गुण मैत्रिणीस. चित्रीकरणवाल्याने काठावर नाव तारली, आणि त्याचे खापर तो अद्याप नवरात्रावर फोडतो. आजोबांनी तिघांना मिळून एक पेढ्यांचा पुडा दिला, आणि त्यातील दोन पेढे, मधुमेह असूनही, स्वतः खाल्ले.

नव्या तबकड्या दिवाळीनंतर बसल्या. पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही दोघे मुद्दाम रजा काढून पतसंस्थेत गेलो आणि कोपऱ्यातील बाकावर बसलो. अकरा वाजले. मित्राने आतून खूण केली: ताटकळणाऱ्या मागण्यांची रांग शून्य. खिडकीपाशी नोंदी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होत होत्या. तरी रांग होतीच. पूर्वीपेक्षा आखूड, पण होती. आम्ही उठून पुढे जाऊन पाहिले. ती आता पासबुक छापणाऱ्या यंत्रापाशी लागलेली होती. ते बिचारे कर्र-कर्र आवाज करीत एकेक ओळ उमटवीत होते, आणि एक आजी त्यास म्हणत होत्या, “सावकाश होऊ दे रे बाबा, शाई नीट उमटू दे.”